सत्त्याण्णवावं पान: एका स्मरणिकेच्या मापाचं प्रकरण

प्रूफ हातात आलं तेव्हा मी आधी चष्मा पुसला. अक्षर बारीक दिसत होतं. बारा पॉइंटचं अक्षर मी रोज बघतो, ते डोळ्यांत बसलेलं असतं. हे ते नव्हतं. प्रेसमधल्या मशीनवरच्या मामांनी फूटपट्टी आणून पानावर आडवी ठेवली, मग उभी ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. डावीउजवीकडे सगळं ठीक होतं. वर आणि खाली मात्र समास सोडूनही जवळपास नऊ-नऊ मिलिमीटरची कोरी पट्टी जास्तीची होती.

"पान तुमचं आखूड आणि रुंद, कागद आमचा लांब आणि अरुंद," मामा म्हणाले. "असं कसं केलंय ओ? तुम्ही तर नेहमीचे."

नेहमीचा होतो म्हणूनच लाजलो. बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देण्याचं, लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, बहुतेक वेळा दोन्हीत. पुस्तकाचं माप चुकणं म्हणजे आमच्या धंद्यात शिंप्याने बाही उलटी लावण्यासारखं. ती चूक कशी झाली, कशी निस्तरली आणि निस्तरताना आणखी काय काय हाती लागलं, ते सगळं इथे मांडतोय. गावोगावच्या मंडळांचं काम आता असंच फोनवरून, एकाच ऑनलाइन फाइलमध्ये चालतं, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाची गाडी पुढेमागे याच खड्ड्यातून जाणार आहे.

काम काय होतं

हिवाळा आला की आमच्या सीमाभागात गावागावांत मराठी साहित्य संमेलनं होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, दुपारी मांडवातच जेवण, संध्याकाळी कविसंमेलन. हे काम मात्र या नावाजलेल्या गावांतलं नव्हतं. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला असलेल्या एका लहान गावातलं वाचनालय पन्नास वर्षांचं झालं, म्हणून एक दिवसाचं संमेलन आणि एक स्मरणिका. प्रती तीनशे.

संपादक एक निवृत्त गुरुजी. त्यांच्या मदतीला बेळगावात कॉलेजला येणारी गावातलीच एक मुलगी. बाकीचे लिहिणारे विखुरलेले: दोघंतिघं पुण्याला नोकरीत, एक मडगावला, एक निपाणीला दिलेली लेक, शिवाय गावातले चारपाच. पहिल्या आठवड्यात मजकूर आला तो वहीच्या पानांचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि कुठल्याशा जुन्या फॉन्टमधली एक फाइल, जी माझ्याकडे उघडल्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी झाली. ते बघून मीच सुचवलं की गूगल डॉक्समध्ये एकच फाइल करू, लिंक सगळ्यांना देऊ, ज्याने त्याने आपापला लेख तिथेच टाइप करावा. मजकूर युनिकोडमध्ये येईल, गुरुजी तिथल्या तिथे शेरे मारतील, माझं टायपिंग वाचेल.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. फॉन्टही विचार करून घेतला. 'तिरो देवनागरी मराठी' त्यात मिळतो, आणि त्यात ल आणि श आपल्या शाळेच्या पुस्तकातले येतात, हिंदी वळणाचे नाही. गुरुजींनी पहिल्याच दिवशी 'श' बघून "हां, हा आपला" असा निरोप पाठवला होता.

मग मी पानाचं माप ठरवायला गेलो. फाइल मेनूत पेज सेटअप उघडलं. यादीत लेटर, टॅब्लॉइड, लीगल, ए३, ए४, ए५, बी४, बी५ आणि आणखी काही इंग्रजी नावं. आपल्या पुस्तकांचं नेहमीचं माप, 'डेमी', कुठेच नाही. आपल्या मनाने आकडे घालायला चौकटही नाही. माझ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबी-रुंदी टाइप केली की झालं. इथे दिलेल्या थाळीतूनच उचलायचं. मी जवळचं म्हणून ए५ उचललं. पुस्तक म्हणजे ए४ ची घडी, हा विचार डोक्यात कुठेतरी असणारच. प्रेसला फोन करायला दोन मिनिटं लागली असती.

ए५ आणि डेमी यांच्यात किती अंतर

डोळ्याला ही दोन्ही मापं सारखीच दिसतात, फसगत त्यातच आहे. ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. आपल्याकडचं पुस्तक ज्या मापात निघतं, त्या डेमी एक अष्टमांशचं कापल्यानंतरचं माप साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १३९.७ बाय २१५.९ मिलिमीटर. डेमी आठ मिलिमीटरहून थोडं अधिक अरुंद आणि जवळपास सहा मिलिमीटर उंच.

हे साडेपाच-साडेआठ कुठून आलं ते कागदाच्या दुकानात उभं राहिलं की कळतं. डबल डेमीचा ताव २३ बाय ३६ इंच. तो मधून कापला की १८ बाय २३. त्याची एका दिशेने एक घडी आणि दुसऱ्या दिशेने दोन घड्या घातल्या की आठ पत्रं होतात, प्रत्येक पत्र ९ बाय पावणेसहा. दोन्ही बाजू छापलेल्या, म्हणजे सोळा पानांचा एक फॉर्म. बांधणीनंतर कटिंग मशीन वरून पाव, खालून पाव आणि उघडणाऱ्या बाजूने पाव इंच घेतं. उरतं साडेआठ बाय साडेपाच. ए५ या तावातून काढायचं म्हटलं तर रुंदीलाच पुरत नाही: १४८ मिलिमीटर म्हणजे ५.८३ इंच, आणि घडीत मिळतात ५.७५. पानाचं माप पडद्यावर ठरत नाही, तावावर ठरतं. मी ते उलट्या टोकाने करायला गेलो होतो.

प्रेसवाल्यांनी माझी ए५ ची पीडीएफ घेतली आणि त्यांच्या ऑपरेटरने सवयीने ती डेमीत 'बसवली'. रुंदी बसण्यासाठी सगळं पान ९४ टक्क्यांच्या आसपास लहान झालं. बारा पॉइंटचं अक्षर सव्वाअकरावर आलं, उंची आक्रसली, वर-खाली त्या कोऱ्या पट्ट्या आल्या. ऑपरेटरचा दोष नाही. त्याने न बसवता तसंच छापलं असतं तर कटिंगमध्ये दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर गेले असते, आणि पानाच्या कडेला ठेवलेल्या जाहिरातींच्या चौकटी उडाल्या असत्या. किराणा दुकानाची चौकट उडणं म्हणजे पुढच्या वर्षीची जाहिरात उडणं.

गुरुजींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "वाचणारे निम्मे माझ्या वयाचे आहेत. बारीक चालणार नाही."

माप बदलायच्या वाटा

प्रेसची तारीख चार दिवसांवर होती. माझ्यासमोर चार वाटा होत्या.

सगळा मजकूर उचलून माझ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेणं ही पहिली. ते केलं असतं तर गुरुजींची शेवटच्या क्षणाची दुरुस्ती पुन्हा फोनवर, तोंडी, माझ्या कानातून. 'ऱ्ह' की 'र्‍ह' यावर दहा मिनिटं. नको वाटलं.

दुसरी, गूगल स्लाइड्स. तिथे पेज सेटअपमध्ये कस्टम म्हणून हवं ते माप घालता येतं. पण स्लाइडवर मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर आपोआप वाहत नाही. एक पानी प्रमाणपत्राला उत्तम, नव्वद पानांच्या स्मरणिकेला नव्हे.

तिसरी वाट बऱ्याच जणांना माहीत नसते: संगणकावरच्या वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये हव्या त्या मापाची कोरी फाइल करायची, ती ड्राइव्हवर चढवायची आणि डॉक्समध्ये उघडायची. माप तिच्यासोबत येतं. मी हे दुसऱ्या एका कामात केलं आहे आणि ते चालतं. पण इथे फाइल नवी म्हणजे लिंक नवी, आणि नवी लिंक म्हणजे पुण्याचा एकजण जुन्यातच दुरुस्त्या करत बसणार हे नक्की. शिवाय जुन्या फाइलमधले शेरे मागेच राहिले असते.

राहिली चौथी: त्याच फाइलला आतून हुकूम देऊन माप बदलणं. त्यासाठी 'पेज सायझर' नावाचं अ‍ॅड-ऑन मिळतं, एक्स्टेन्शन्स मेनूतून बसवायचं, बाजूच्या चौकटीत लांबी-रुंदी लिहायची. किंवा अ‍ॅड-ऑन न घेता तेच काम गूगलच्याच, फाइलला लिहून हुकूम द्यायच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये स्वतः दोन ओळी लिहून करायचं. मी दुसरं केलं. खरं सांगायचं तर थोडी मिरवायची हौसही होती.

स्क्रिप्टला इंच कळत नाहीत, तिला पॉइंट लागतात. आपल्या छपाईवाल्यांना हे ऐकून घरी आल्यासारखं वाटतं. एका इंचाचे ७२ पॉइंट. साडेपाच गुणिले ७२ म्हणजे ३९६, साडेआठ गुणिले ७२ म्हणजे ६१२. चालू फाइलचा मजकूर धरायचा, त्याच्या 'सेट पेज विड्थ'ला ३९६ द्यायचे, 'सेट पेज हाइट'ला ६१२, आणि 'रन' दाबायचं. संपलं. माप फाइलमध्येच साठतं, त्यामुळे नंतर ती फाइल कुणीही कुठूनही उघडली तरी त्याला नवंच पान दिसतं. प्रत्येकाने स्क्रिप्ट चालवायची गरज नसते.

फक्त चालवणाऱ्याला एकदा परवानगी द्यावी लागते, आणि इथे एक गंमत झाली. फाइलची मालकी वाचनालयाच्या खात्याची, ते खातं गुरुजींच्या फोनवर. मी संपादनाचा हक्क असलेला, त्यामुळे माझ्या खात्यातून चालवता आलं असतं. पण त्या दिवशी ती मुलगी वाचनालयाचं खातं उघडून माझ्या दुकानात बसली होती, म्हणून म्हटलं तिथूनच करू. 'रन' दाबल्यावर आधी खातं निवडायला आलं, आणि मग मोठ्या अक्षरांत इशारा, की हे अ‍ॅप गूगलने पडताळलेलं नाही. मुलीचा हात थांबला.

"काका, हे फ्रॉडवालं नाही ना? बँकेत सारखं सांगतात, असलं काही दाबू नका म्हणून."

तिचं बरोबरच होतं. तो इशारा आपणच लिहिलेल्या स्क्रिप्टलाही येतो, कारण गूगलच्या दृष्टीने लिहिणारा मी कोण तर कुणीच नाही. मी तिला स्क्रिप्टच्या दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, रुंदी कुठली, उंची कुठली, दुसरं काही नाही. मग तिने 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून पुढे जायची परवानगी दिली. दुसऱ्याने पाठवलेली, आपल्याला न वाचता येणारी स्क्रिप्ट असती तर मीच तिला थांबवलं असतं. आणि हो, आधी फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवली होती. व्हर्जन हिस्टरीतून मागे जाता येतं हे खरं, पण तीनशे प्रतींच्या कामात कंबरपट्टा आणि दोरी दोन्ही असावं.

पान डोळ्यांसमोर अरुंद झालं, उंच झालं. पीडीएफ उतरवली, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये माप बघितलं: साडेपाच बाय साडेआठ. मी खुर्चीत मागे टेकलो.

"काका," मुलगी म्हणाली, "सत्त्याण्णव पानं झाली."

सत्त्याण्णव

ए५ मध्ये ९२ पानं होती. सोळाचे सहा फॉर्म म्हणजे ९६. सुरुवातीच्या हिशेबात चार पानं कोरी राहत होती, ती गुरुजींनी शेवटी 'टिपणांसाठी' म्हणून सोडायची ठरवली होती. आता एक पान जास्त. ते एक पान छापायला सातवा फॉर्म, प्लेट वेगळी, कागद वेगळा. वाचनालयाचं बजेट मला माहीत होतं. त्यात सातवा फॉर्म नव्हता.

माप बदललं की पानं का वाढतात हे उघड आहे. दोन्ही मापांत समास मी चारी बाजूंनी पाऊण इंच ठेवले होते. डेमीत ओळ आखूड झाली, उंचीने थोडी भरपाई केली, पण मजकुराची एकूण जागा साडेचार टक्क्यांच्या आसपास घटली. लेखांना ते लागलं. कवितांना वेगळंच लागलं.

गुरुजींची स्वतःची एक कविता होती, आजीवर. कवितांना मी अर्धा इंच आत सरकवलं होतं. तिच्यातली एक ओळ अशी:

कणकुंबीच्या उगमापाशी आजी म्हणायची, पाणी कुणाचं ते विचारू नये

ए५ वर ही ओळ एका रेषेत बसत होती. डेमीवर तिचं शेपूट तुटलं. 'विचारू' पर्यंत वरच्या ओळीत, आणि खाली एकटं 'नये'. वरची ओळ वाचून थांबणाऱ्याला आजी म्हणायची, पाणी कुणाचं ते विचारू. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम. आमच्या तालुक्यातली ती नदी आहे आणि म्हादईचं पाणी तिच्यात वळवण्यावरून राज्याराज्यांत किती वर्षं भांडण चाललं ते इथे सांगायची गरज नाही. गुरुजींनी फोनवर ते पान बघितलं आणि लगेच फोन केला.

"आजी असं म्हणाली नव्हती ओ."

हसू आलं, पण त्यांना हसू येत नव्हतं. सगळ्यांत सोपं म्हणजे कवितेचं अक्षर अकरावर आणणं. ते त्यांना मंजूर नव्हतं: बारीक चालणार नाही म्हणून तर हे सगळं केलं. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. कवितांचं आत सरकवणं काढून टाकलं, सगळ्या कविता समासाला लावल्या. आणि पेज सेटअपमध्ये समास पाऊणवरून ०.७ इंच केले. पाच शतांश इंच म्हणजे सव्वा मिलिमीटर, कुणाच्या डोळ्याला कळत नाही. पण चारी बाजूंनी मिळून मजकुराची जागा चारेक टक्क्यांनी वाढते. पानं झाली ९४. 'नये' वर गेलं.

समास त्याहून कमी करायचा मोह झाला होता, केला नाही. पुस्तक उघडल्यावर शिवणीकडची बाजू थोडी आत जातेच, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या-उजव्या पानांना आरशासारखे वेगवेगळे समास देता येतात तिथे आपण शिवणीकडे जास्त सोडतो. डॉक्समध्ये तशी सोय मला मिळाली नाही, सगळ्या पानांना एकच डावा आणि एकच उजवा. म्हणून दोन्ही बाजूंना शिवणीला पुरेल इतकं ठेवावं लागतं. अंगठ्याला जागा राहिली पाहिजे.

अरुंद ओळीचा आणखी एक त्रास. मी सगळा मजकूर दोन्ही कडांना समान लावला होता, छापील पुस्तकासारखा. मराठीत शब्द तोडून खाली न्यायची सोय तिथे नव्हती, त्यामुळे एखादा लांब सामासिक शब्द ओळीच्या शेवटी बसला नाही की तो अख्खा खाली जायचा आणि वरच्या ओळीतले शब्द ताणून बसायचे, दातांत फटी पडल्यासारखे. वाचनालयाच्या इतिहासाच्या लेखात 'पदाधिकाऱ्यांच्या', 'सर्वसाधारण सभेपुढे' असले शब्द पानोपानी. चार इंचांच्या ओळीत ते फार दिसतं. शेवटी लेख डाव्या कडेला लावून उजवी कड मोकळी सोडली. मामांना ते आवडलं नाही. "पुस्तक वाटत नाही," म्हणाले. मला अजूनही तेच बरोबर वाटतं.

अनुक्रमणिका मात्र वाचली, कारण मुलीने सुरुवातीपासून प्रत्येक लेखाचं नाव हेडिंग शैलीत ठेवलं होतं. अनुक्रमणिकेवरचं ताजं करायचं बटण दाबलं की आकडे जुळले. ज्यांनी एंटर मारून मारून पुढच्या पानावर उडी घेतली होती त्यांचे लेख भलतीकडे सुरू झाले, ते एकेक करून पेज ब्रेक घालून सरळ केले. मडगावच्या लेखकाला हे कळेना, कारण त्याच्या फोनवर पानंच दिसत नव्हती, सलग मजकूर दिसत होता. फोनच्या अ‍ॅपमध्ये 'प्रिंट लेआउट' चालू केल्याशिवाय पानाची कड दिसत नाही. आणि चार महिने सगळ्यांनी फोनवरच काम केलं होतं. माप चुकलंय हे कुणाच्याच लक्षात का आलं नाही, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

पंचायतीचा कन्नड शुभेच्छा संदेश एका पानात बसत होता, तो बसलाच. त्याला काही झालं नाही.

स्टेटमेंट

फाइल प्रेसला गेली त्या संध्याकाळी मुलगी स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या खात्यातून, पेज सेटअपची यादी उगाच वरखाली करत बसली होती. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

यादीत टॅब्लॉइड, लीगल यांच्या खाली एक नाव होतं: स्टेटमेंट. कंसात माप: साडेपाच बाय साडेआठ इंच.

ते नाव पहिल्या दिवसापासून तिथे होतं. मी ते वाचलंही होतं. पण माझ्या खात्यात मापं सेंटिमीटरमध्ये दिसतात, आणि तिथे तेच स्टेटमेंट १४ बाय २१.६ असं लिहिलेलं असतं. डेमी माझ्या डोक्यात सेंटिमीटरमध्ये कधी नव्हतंच. बेळगावच्या कुठल्याच प्रेसमध्ये नाही. मी साडेपाच शोधत होतो आणि समोर चौदा लिहिलेलं होतं. त्यात 'स्टेटमेंट' हे अमेरिकन कागदाचं नाव. आपल्याकडे स्टेटमेंट म्हणजे बँकेचं. अमेरिकन लेटर कागद अर्धा कापला की हे माप होतं, आणि योगायोगाने कापलेली डेमी तंतोतंत तीच.

स्क्रिप्ट, परवानगी, इशारा, समजूत, सगळं एका ओळीवर बोट ठेवून झालं असतं. मुलीने तोंडावर काही म्हटलं नाही, चहा मात्र माझ्या पैशाने प्यायली.

यानंतर मी भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. डावीकडे प्रेसची मापं, उजवीकडे डॉक्सच्या यादीतली, इंच आणि सेंटिमीटर दोन्हीत. डेमीसमोर स्टेटमेंट लिहिलंय. क्राउन एक अष्टमांश, म्हणजे २० बाय ३० च्या तावातून निघणारं पुस्तक, त्याच्यासमोर रिकामं आहे. यादीत त्याचा जुळा नाही, तिथे स्क्रिप्टच लागते. लग्नपत्रिकांसमोर तर सगळंच रिकामं, पत्रिकांना पाकिटाशिवाय धर्म नसतो.

खूणपट्टी

स्क्रिप्ट वाया गेली असं मात्र झालं नाही. मुखपृष्ठ आर्ट कार्डवर छापायचं होतं. कणा धरून उघडलेलं मुखपृष्ठ कटिंगच्या जागेसकट साडेअकरा बाय नऊ इंच. २० बाय ३० च्या शीटवर अशी चार बसतात, आणि एका टोकाला सात इंच रुंद, वीस इंच लांब पट्टी उरते. ती रद्दीत जाते. मामाच म्हणाले, यात काहीतरी काढा की. तीनशे प्रती म्हणजे खराबी सोडून पंचाहत्तर शीट. प्रत्येक पट्टीतून दोन बाय साडेसहा इंचांच्या नऊ खूणपट्ट्या सहज निघतात. म्हणजे पावणेसातशे, कागद फुकट.

दोन बाय साडेसहा कुठल्याच यादीत नसतं. नवी फाइल, नवी स्क्रिप्ट, १४४ आणि ४६८ पॉइंट. यात एकच पथ्य: आधी समास कमी करायचे, मग रुंदी. कोऱ्या फाइलला दोन्ही बाजूंना एकेक इंच समास असतो, आणि पानच दोन इंचांचं केलं तर मजकुराला जागा उरते शून्य. मी समास पाव इंचावर आणले, मग रुंदी बदलली. छपाईचा रंग कडेपर्यंत न्यायचा नव्हता, त्यामुळे कडेबाहेरची रंगाची जागा आणि कटिंगच्या खुणा यांची भानगडही नव्हती. त्या डॉक्समधून निघत नाहीत. मुखपृष्ठ त्याच कारणाने मी माझ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं.

खूणपट्टीवर काय छापायचं ते गुरुजींवर सोडलं. दीड इंचाच्या ओळीत फार काही मावत नाही हे त्यांना सांगितलं, आणि ओळ कुठे तुटेल ते माझ्या हातात नाही, तुम्हीच तोडून पाठवा, असंही. रात्री साडेदहाला फाइल उघडून बघितलं तर वाचनालयाच्या खात्यातून मजकूर येऊन पडला होता, ओळी तोडून:

कणकुंबीच्या
उगमापाशी
आजी म्हणायची,
पाणी कुणाचं
ते विचारू नये

खाली एक शेरा होता, माझ्या नावाने: "शेवटची ओळ तोडू नका."